सांडपाण्याचा पाठ : निसर्गाचे काम आणि आपली जबाबदारी

शाळेच्या पुस्तकांतील जलचक्राच्या आकृतीत ढग असतात, डोंगर असतात, नदी आणि समुद्र असतो. घर मात्र बहुधा नसते. नळाने घरात आलेले पाणी मोरीतून आणि संडासातून बाहेर पडते. पुढे त्याचे काय होते, हा प्रश्न आकृतीबाहेर राहतो. शहरात राहणाऱ्या माणसाच्या आरोग्याच्या दृष्टीने मात्र तोच प्रश्न सर्वांत निकडीचा आहे. आपल्या संस्थेतून शिकून गेलेले अनेक विद्यार्थी आज शहरांत स्थिरावले आहेत. अनेक पालक नाल्याकाठच्या, टेकडीच्या उतारावरच्या किंवा रेल्वेमार्गालगतच्या वस्त्यांत राहतात. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने सांडपाण्याचा हा राहून गेलेला पाठ वाचकांपुढे ठेवावा, असे आम्हांस वाटले.

या लेखात आम्ही एकाच प्रश्नाचा विचार करणार आहोत. वनस्पती, खडी, जिवाणू आणि ऊन यांच्या साहाय्याने सांडपाणी ते जेथे निर्माण होते तेथेच, किंवा त्याच्या जवळपास, स्वच्छ करता येते काय? आणि येत असेल, तर कष्टकऱ्यांच्या वस्तीला त्याचा उपयोग कितपत होईल?

प्रश्नाचे स्वरूप

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2021 साली प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीनुसार देशाच्या शहरी भागात दररोज सुमारे 7,236 कोटी लिटर मैलापाणी निर्माण होते. त्यांपैकी प्रत्यक्ष प्रक्रिया होते ती सुमारे 2,023 कोटी लिटर पाण्यावर. म्हणजे शंभर लिटरांतील 28 लिटर पाणी शुद्धीकरण केंद्रातून जाते आणि 72 लिटर पाणी कोणत्याही प्रक्रियेविना नाल्यात, नदीत, तलावात किंवा खाडीत मिसळते. ध्यानात घेण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. देशात उभारलेल्या केंद्रांची एकूण क्षमता सुमारे 3,184 कोटी लिटर होती. तिच्याएवढेही पाणी शुद्ध होत नव्हते. यंत्रे उभी राहिली, पण काही बंद पडली, काहींपर्यंत पाणी पोहोचविणाऱ्या वाहिन्याच पूर्ण झाल्या नाहीत. केवळ केंद्र बांधल्याने पाणी स्वच्छ होत नाही, हा या आकड्यांचा पहिला बोध होय.

हे 72 लिटर पाणी शहराच्या उतारावरून वाहत सखल भागात येते. सखल, दलदलीच्या, पूर येणाऱ्या जागेला बाजारात किंमत नसते. म्हणून गरिबांची वस्ती तेथेच बसते. मग नाल्याकडे बोट दाखवून वस्तीला घाणेरडी ठरविले जाते. हिशेब मात्र वेगळे सांगतो. मलनिस्सारण वाहिन्या असलेल्या शहरी भागासाठी आपल्याकडे दरडोई रोज 135 लिटर पाणीपुरवठ्याचे मान धरले जाते. सार्वजनिक नळावर अवलंबून असणाऱ्या माणसासाठी ते 40 लिटर धरले जाते. वापरलेल्या पाण्यापैकी साधारण 80 टक्के सांडपाणी होते. यावरून कोण किती घाण पाणी निर्माण करतो हे कोणासही काढता येईल. ज्यांच्या वाट्याला पाणी कमी, त्यांच्याच दारात सांडपाणी अधिक, असा हा उलटा व्यवहार आहे.

या दारातल्या पाण्याचा पिण्याच्या पाण्याशी थेट संबंध येतो. आपल्या बहुतेक शहरांत नळाला दिवसातून काही तासच पाणी येते. पाणी बंद असताना जलवाहिनीतील दाब उतरतो, आणि गटाराला खेटून किंवा गटारातून गेलेल्या वाहिनीला चीर असेल तर बाहेरचे मैलापाणी आत शोषले जाते. दुसऱ्या दिवशी पाणी आले की तेच प्रथम हंड्यात पडते. विषमज्वर, पटकी, अतिसार, जंत आणि दोन प्रकारच्या काविळी या मार्गाने घरात शिरतात. 2012 साली इचलकरंजी शहरात हिपॅटायटिस ई प्रकारच्या काविळीची मोठी साथ आली होती. हा रोग मैल्याने दूषित झालेल्या पाण्यातून पसरतो आणि गर्भवती स्त्रियांना तो विशेष घातक असतो. म्हणून सांडपाण्याचा प्रश्न हा मुळात पिण्याच्या पाण्याचाच प्रश्न आहे.

मैलापाण्यात काय असते

मैलापाण्याचा 99 टक्क्यांहून अधिक भाग केवळ पाणीच असतो. उरलेल्या अल्प भागात तीन गोष्टी मुख्य असतात. पहिली, कुजणारे सेंद्रिय द्रव्य : विष्ठा, अन्नकण, तेल, साबण. दुसरी, नत्र आणि स्फुरद ही पोषकद्रव्ये. शेतकरी विकत आणतो त्या खतातही हीच असतात. तिसरी, रोगजंतू आणि जंतांची अंडी.

सेंद्रिय द्रव्य कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो. किती प्राणवायू खर्ची पडेल याच्या मापाला जैवरासायनिक प्राणवायू मागणी, किंवा रूढ शब्दांत बीओडी, म्हणतात. घरगुती मैलापाण्यात हे माप लिटरला साधारण 200 ते 300 मिलिग्रॅम असते. स्नानास योग्य नदीच्या पाण्यात ते 3 मिलिग्रॅमहून अधिक नसावे, असा आपल्याकडे दंडक आहे. केंद्र शासनाने 2017 साली मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यासाठी महानगरांत 20 आणि अन्यत्र 30 मिलिग्रॅम अशी मर्यादा घातली. 250 वरून 30 पर्यंत उतरणे, हा या पाण्याचा प्रवास होय. तो यंत्राने करता येतो, तसा निसर्गाच्या साहाय्यानेही करता येतो.

निसर्ग काय करतो

जर्मनीतील वनस्पतिशास्त्रज्ञ केटे झायडेल यांनी 1950 च्या दशकात दलदलीत वाढणाऱ्या लव्हाळ्यासारख्या वनस्पतींवर प्रयोग करून दूषित पाणी स्वच्छ होण्यात त्यांचा वाटा कसा असतो हे दाखविले. 1974 साली त्या देशातील ओट्‌फ्रेझेन या गावी अशा पद्धतीचे पहिले पूर्ण आकाराचे केंद्र सुरू झाले. आपल्या महाराष्ट्रात नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे नीरीने, याच तत्त्वावर 'फायटोरिड' नावाची पद्धत विकसित केली आहे. नावे अनेक आहेत. कामाचा क्रम मात्र थोड्याफार फरकाने एकच आहे. तो चार पायऱ्यांत समजून घेता येईल.

पहिली पायरी गाळ बसविण्याची. मैलापाणी प्रथम जाळीतून जाते. तेथे प्लॅस्टिक, चिंध्या, केस अडतात. नंतर ते एका बंद टाकीत संथ होते. जड कण तळाशी बसतात, तेलाची साय वर तरंगते आणि मधले पाणी पुढे जाते. जंतांची पुष्कळशी अंडी जड असल्यामुळे गाळाबरोबर येथेच खाली बसतात.

दुसरी पायरी प्राणवायूविना जगणाऱ्या जिवाणूंची. पुढची टाकी आडव्या-उभ्या भिंतींनी अनेक कप्प्यांत विभागलेली असते. प्रत्येक कप्प्यात पाणी तळातून वर चढते आणि तळाशी साठलेल्या जिवाणूंच्या गाळातून त्याला वाट काढावी लागते. जिवाणूंना अन्न मिळते, पाण्यावरचा सेंद्रिय भार उतरतो. या टाकीला वीज लागत नाही, फिरते यंत्र लागत नाही. ती जमिनीखाली बांधून वरून रस्ता किंवा अंगण करता येते.

तिसरी पायरी खडीच्या वाफ्याची. सुमारे 60 सेंटिमीटर खोल, तळ पाझरणार नाही असा हौद धुतलेल्या खडीने भरतात आणि त्यात कर्दळ, पाणकणीस, देवनळ यांसारख्या पाणथळ जागी वाढणाऱ्या वनस्पती लावतात. पाणी खडीतून संथपणे पुढे सरकते. त्याची पातळी खडीच्या पृष्ठभागापेक्षा काही बोटे खालीच ठेवलेली असते; त्यामुळे वाफा वरून कोरडा दिसतो, दुर्गंधी येत नाही आणि डासांना अंडी घालायला उघडे पाणी मिळत नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. झाडे घाण 'पिऊन टाकतात' आणि पाणी शुद्ध होते, असे अनेकांना वाटते. झाडे नत्र-स्फुरदाचा काही अंश घेतात हे खरे. परंतु मुख्य काम खडीवर वाढलेल्या जिवाणूंच्या बुळबुळीत थराचे असते. मुळे त्या जिवाणूंना आधार देतात, भोवती थोडा प्राणवायू सोडतात आणि खडी तुंबू नये म्हणून तिच्यात वाटा मोकळ्या ठेवतात. कर्दळीची फुले सर्वांना दिसतात; राबणारे मात्र खाली, डोळ्यांआड असतात.

चौथी पायरी उन्हाची. वाफ्यातून आलेले पाणी उथळ तळ्यात काही दिवस राहिले की सूर्यप्रकाशाने आणि शेवाळाने सोडलेल्या प्राणवायूने उरलेले रोगजंतू पुष्कळ प्रमाणात मरतात. आपल्या उष्ण प्रदेशात जिवाणूंचे काम थंड देशांपेक्षा वेगाने होते. या बाबतीत आपले हवामान आपल्याला अनुकूल आहे.

कोलकात्याचा धडा

हे सारे प्रयोगशाळेत सिद्ध होण्याच्या आधीपासून कोलकाता शहराच्या पूर्वेला सामान्य माणसे निसर्गाकडून हेच काम करून घेत होती. तेथील बिद्याधरी नदी गाळाने भरत गेली आणि 1928 साली ती मृत म्हणून जाहीर झाली. खाऱ्या पाण्याची मासेमारी बसली. तेव्हा तेथील मत्स्यव्यावसायिकांनी शहराचे मैलापाणी उथळ तळ्यांत घेऊन गोड्या पाण्यातील मासे वाढविण्यास आरंभ केला. या तळ्यांना तिकडे 'भेरी' म्हणतात.

भेरीतील रीत पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणातून ठरली आहे. तळे आधी रिकामे करून तळ उन्हात वाळवितात. मग मैलापाणी आत घेऊन काही दिवस तसेच ठेवतात. ऊन, शेवाळ आणि जिवाणू आपले काम करतात. पाण्याचा रंग पालटतो. तो रंग पाहूनच अनुभवी कामकरी माशांचे बीज केव्हा सोडावे हे सांगतो. शेवाळ वाढते, मासा ते खातो. काठाने जलपर्णीचा पट्टा बांधून ठेवतात. त्यामुळे लाटांनी बांध खचत नाही आणि माशांना सावली मिळते. अन्य ठिकाणी उपद्रव मानली जाणारी जलपर्णी येथे आटोक्यात ठेवून कामाला लावली आहे. तळ्यातून निघालेले पाणी पुढे भातशेतीला जाते. शहराला ताजी मासळी आणि भाजीपाला मिळतो, हजारो कुटुंबांना रोजगार मिळतो.

शासकीय दप्तरात मात्र या व्यवस्थेची सांडपाणी शुद्धीकरण म्हणून नोंदच नव्हती. 1980 च्या दशकात ध्रुवज्योती घोष या अभियंत्याने शहराचे मैलापाणी अखेरीस जाते कोठे याचा शोध घेतला, भेरीवरच्या माणसांकडून ही विद्या समजून घेतली आणि ती जगापुढे मांडली. 1990 साली संयुक्त राष्ट्रांच्या 'ग्लोबल 500' सन्मानासाठी त्यांची निवड झाली. 2002 साली सुमारे 12,500 हेक्टरांच्या या क्षेत्राला रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला आणि 2006 साली पश्चिम बंगाल राज्याने तिच्या रक्षणासाठी स्वतंत्र कायदा केला. तरीही शहर वाढत आहे, जमिनीचे भाव चढत आहेत आणि तळी बुजविण्याचा दबाव संपलेला नाही.

कोलकात्याकडून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. श्रम करणाऱ्या माणसांकडे असलेले ज्ञान पुस्तकात नसले तरी ज्ञानच असते. शिकलेल्या माणसाने ते ओळखले, तर त्याचा उपयोग साऱ्या समाजाला होतो. दुसरी गोष्ट अशी की ही पद्धत टिकली, कारण तिच्या देखभालीत लोकांची भाकरी गुंतली होती. बांध फुटला तर मासे जातात, म्हणून बांध फुटू दिला जात नाही.

लहान वस्तीचा दाखला

कोलकात्याइतकी विस्तीर्ण पाणथळ जमीन प्रत्येक शहराला लाभलेली नसते. दाट वस्तीत काय करता येईल, याचा दाखला आग्रा शहरात मिळतो. ताजमहालासमोर, यमुनेच्या पलीकडच्या काठावर मेहताब बाग आहे. तिला लागून कच्छपुरा ही गरीब वस्ती आहे. वस्तीचे सांडपाणी ज्या नाल्यातून यमुनेकडे वाहत होते, त्याच नाल्यावर 2010 च्या सुमारास 'क्योर' या स्वयंसेवी संस्थेच्या पुढाकाराने दररोज 50 हजार लिटर क्षमतेचे शुद्धीकरण केंद्र उभे राहिले. जाळी, गाळाची टाकी, कप्प्यांची टाकी आणि शेवटी कर्दळ लावलेला खडीचा वाफा, असा वर सांगितलेलाच क्रम तेथे आहे. बाहेर पडणारे पाणी पिण्यासाठी नाही. ते झाडांना आणि शेताला देण्यासारखे आहे.

या उदाहरणाचे महत्त्व त्याच्या आकारात नाही. नाला गटारवाहिनीला जोडला जाईल तेव्हा जाईल. तोवर निदान वस्तीसमोरून वाहणारे पाणी तरी निवळावे, एवढ्यापासून आरंभ करता येतो, हे त्यातून दिसते.

जागेचा हिशेब

आता आपल्या एखाद्या वस्तीचा हिशेब मांडून पाहू. समजा, 100 कुटुंबे आहेत आणि दर कुटुंबात पाच माणसे, म्हणजे 500 लोकसंख्या. दरडोई रोज 70 लिटर पाणी मिळते असे धरले, तर एकूण 35 हजार लिटर पाणी वापरले जाते. त्याचे 80 टक्के म्हणजे 28 हजार लिटर सांडपाणी रोज निघते. मध्यम आकाराच्या तीन टँकरांइतके हे पाणी झाले.

खडीच्या वाफ्याला उष्ण प्रदेशात माणशी साधारण 1 ते 2 चौरस मीटर जागा लागते. 500 माणसांना किमान 500 चौरस मीटर, म्हणजे कबड्डीची चार मैदाने. ज्या वस्तीत पाच माणसांचे कुटुंब दहा-बारा चौरस मीटरच्या खोलीत राहते, तेथे ही जागा आणायची कोठून? या पद्धतीची खरी अडचण हीच आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

तथापि मार्ग निघतात. पहिल्या दोन टाक्या जमिनीखाली जात असल्याने त्या चौकाखाली किंवा रस्त्याखाली घेता येतात. त्यांत जितका भार उतरेल तितका पुढचा वाफा लहान करता येतो. वाफा एकाच ठिकाणी चौकोनी असण्याचे कारण नाही; तो नाल्याच्या काठाने लांब, अरुंद पट्ट्यासारखा, उद्यानाच्या कडेने किंवा समाजमंदिराच्या आवाराभोवती करता येतो. जेथे तेवढीही जागा नाही, तेथे वस्तीपुरता गाळ आणि कप्प्यांच्या टाकीचा टप्पा करून उरलेले पाणी महापालिकेच्या मलवाहिनीला जोडणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो.

खेड्यात याहून सोपा उपाय असतो. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने मोरीचे पाणी शोषखड्ड्यांत जिरवून गटारे आणि डास हटविल्याचा दाखला आपल्याकडे प्रसिद्ध आहे. पण तो उपाय जसाच्या तसा शहरी वस्तीत आणणे योग्य नव्हे. दाट वस्तीत शंभर घरांचे मैलापाणी जमिनीत मुरविले, तर जवळच्या कूपनलिकांचे पाणी दूषित होते. मोरीचे पाणी आणि संडासाचे पाणी यांतील फरक येथे विसरता येत नाही.

निवासी शाळा आणि वसतिगृहे हे मात्र अशा कामासाठी फार सोयीचे स्थान आहे. तेथे जागा असते, व्यवस्थापन एक असते आणि रोज पाहणारे डोळे असतात. 300 जण राहत असलेल्या संस्थेतून 135 लिटरांच्या मानाने दररोज सुमारे 32 हजार लिटर सांडपाणी निघते. ते शुद्ध होऊन बागेला मिळाले, तर उन्हाळ्यात टँकरचा खर्च वाचेल आणि विद्यार्थ्यांना विज्ञानाचा एक धडा डोळ्यांसमोर घडताना दिसेल.

मर्यादा आणि देखभाल

निसर्गाधारित म्हणजे फुकट आणि बिनकष्टाची, असा अर्थ घेऊन ज्या योजना सुरू होतात, त्या वर्षा-दोन वर्षांत बंद पडतात. निसर्ग काम करतो; जबाबदारी मात्र तो घेत नाही. जाळीवरचा कचरा नियमित काढावा लागतो. वाढलेली झाडे छाटावी लागतात. वाळलेली पाने खडीवर कुजू दिली तर वाफा तुंबतो. पाण्याची पातळी खडीच्या वर आली की तेथे डास झालेच म्हणून समजावे. पावसाळ्याचे पाणी वाफ्यात घुसले तर जिवाणूंसह सारे वाहून जाते. म्हणून पावसाच्या पाण्याला आधीच वेगळी वाट काढून द्यावी लागते.

काही पाणी या पद्धतीत घेताच येत नाही. रंगाई, चामडे कमावणे, धातूला मुलामा देणे अशा उद्योगांच्या पाण्यातील आम्ले आणि जड धातू जिवाणूंना मारतात. क्रोमियमसारखे धातू कुजत नाहीत, ते गाळात, झाडांत आणि माशांत साठतात. वस्तीत घरोघरी असे लघुउद्योग चालत असतील, तर त्यांचे पाणी वेगळे करणे ही पहिली अट आहे. शुद्ध झालेले पाणीही कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना देऊ नये, आणि पिण्यासाठी तर ते नाहीच.

गटारात माणूस उतरणार नाही

आणखी एका अटीवर आम्ही विशेष भर देऊ इच्छितो. टाकीत बसलेला गाळ दर एक ते तीन वर्षांनी उपसावाच लागतो. तो कोण उपसणार? हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. गाव आणि शहर स्वच्छ ठेवण्याचे काम या देशात जन्मावरून वाटले गेले आणि ज्यांनी ते केले त्यांनाच अस्वच्छ ठरविण्यात आले. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळभर पाणी प्राशन केले, तेव्हा पाण्यावरच्या समान हक्काचा प्रश्न साऱ्या देशापुढे उभा राहिला. स्वच्छ पाण्याच्या हक्काला दुसरी बाजू आहे. ती म्हणजे घाण पाण्याचा भार समान वाटण्याची.

हाताने मैला साफ करण्यास आणि संरक्षक साधनांविना गटारे व मैल्याच्या टाक्या साफ करून घेण्यास प्रतिबंध करणारा कायदा 2013 साली झाला आणि त्याच वर्षी 6 डिसेंबरपासून तो लागू झाला. सर्वोच्च न्यायालयाने 27 मार्च 2014 रोजी गटारात मृत्यू पावलेल्या कामगारांच्या कुटुंबीयांना 10 लाख रुपये देण्याचा आदेश दिला; 20 ऑक्टोबर 2023 च्या निर्णयाने ही रक्कम 30 लाख रुपये करण्यात आली. तरीही बंद टाकीतील हायड्रोजन सल्फाइडसारख्या विषारी वायूने माणसे मरतच आहेत. रकमेने घरातला माणूस परत येत नाही.

म्हणून केंद्र कितीही हिरवे आणि फुलांनी बहरलेले असो, त्याचा गाळ काढण्यासाठी माणसाला आत उतरावे लागणार असेल तर ते स्वीकारू नये. मैला उपसणाऱ्या गाडीची नळी प्रत्येक कप्प्याच्या तळापर्यंत पोहोचेल अशी झाकणे हवीत. ती गाडी उभी राहील एवढा रस्ता हवा. उपसलेला गाळ कोठे नेला जाईल हे आधीच ठरलेले हवे. आराखड्यात या तीन गोष्टी नसतील, तर पुढे कोणाला तरी आत उतरविले जाणार, हे त्याच दिवशी ठरून गेलेले असते.

देखभालीच्या कामाला योग्य वेतन, हातमोजे, बूट, लसीकरण आणि सन्मान मिळाला पाहिजे. ते काम एका विशिष्ट घराकडे किंवा जातीकडे आपोआप जाऊ नये, याची काळजी वस्तीच्या समितीने घेतली पाहिजे. कर्दळीचा वाफा राखणारा हा माळी असतो आणि पाण्याची पातळी तपासणारा तंत्रज्ञ असतो. त्याला त्याच नावाने ओळखावे.

कोणते प्रश्न विचारावेत

आपल्यापैकी पुष्कळ जण आज अभियंते, शिक्षक, परिचारिका, वकील, नगरसेवक, बचत गटांच्या कार्यकर्त्या आहेत. वस्तीत एखादी योजना आली, तर पुढील प्रश्न विचारणे प्रत्येकास शक्य आहे. रोज किती लिटर पाण्याचा हिशेब धरला आहे? पावसाळ्यात काय होणार? पाच वर्षांच्या देखभालीचा खर्च कोणत्या तरतुदीतून येणार? बाहेर पडणाऱ्या पाण्याची तपासणी कोण करणार आणि तिचे निकाल वस्तीत लावले जाणार काय? गाळ उपसण्यास गाडी येऊ शकते काय? आणि बिघाड झाल्यास जबाबदार अधिकारी कोण? या सहा प्रश्नांची लेखी उत्तरे मिळाल्याखेरीज उद्घाटनाचा नारळ फोडण्याची घाई करू नये.

याबरोबरच एक सावधगिरी हवी. 'तुम्ही आता तुमचे पाणी शुद्ध करता ना', असे म्हणून महापालिकेने मलवाहिनी, पुरेसे पाणी आणि संडास यांची जबाबदारी झटकता कामा नये. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता आणि झोपडपट्टी सुधारणा हे विषय नागरी स्थानिक संस्थांच्या कार्यकक्षेत दिले आहेत. वस्तीने पुढाकार घेणे हे कौतुकास्पद खरे, पण ती महापालिकेच्या कर्तव्याची भरपाई नव्हे. धनिकांच्या भागाला वाहिनी आणि गरिबांच्या भागाला वाफा, अशी वाटणी होऊ लागली तर तीही एक विषमताच ठरेल. खरे तर मोठी गृहसंकुले, हॉटेले, रुग्णालये आणि कार्यालये यांच्याकडे जागाही आहे आणि पैसाही. आपले पाणी आपल्या आवारात शुद्ध करण्याचा आग्रह प्रथम त्यांच्याकडे धरला पाहिजे. त्यांचे पाणी नाल्यात येणे थांबले, तर वस्तीच्या दारातला नाला निम्मा तरी हलका होईल.

खडी, कर्दळ, जिवाणू आणि ऊन यांची किंमत फार नाही आणि त्यांना जातही नाही. त्यांना नीट बांधलेली जागा आणि रोज लक्ष देणारा माणूस मिळाला की ती आपले काम चोख करतात. ती जागा मागणे, तो माणूस सन्मानाने नेमणे आणि दर महिन्याला पाण्याच्या तपासणीचा कागद वाचणे, एवढे काम मात्र आपल्याकडे राहते. शिक्षणाने आपल्याला प्रश्न विचारण्याचे बळ दिले आहे. आपल्या वस्तीचे सांडपाणी कोठे जाते, या प्रश्नापासून त्याचा आरंभ करण्यास काहीच हरकत नाही.